स्केटिंगचे पॅड घळीत नकोत

घरात पडून असलेले स्केटिंगचे गुडघ्याचे पॅड कॅन्यनिंगला, म्हणजे पाण्याच्या घळीतून दोराने उतरायला, चालतील का? मार वाचेल, पण घसराल. ती प्लॅस्टिकची टोपी गुळगुळीत जमिनीवर सरकावी म्हणूनच केलेली असते. आपण गुडघा टेकतो तो जिथल्या तिथे राहावा म्हणून. वरून रबर किंवा जाड कापड असलेला मऊ पॅडच बरा.

व्हॉलीबॉलचे स्वस्त पॅड मात्र नकोत. आतला स्पंज पाणी पितो आणि पोहताना पाय जड होतात. पाणी न शोषणारा फोम बघा. पॅडवर मोटरसायकलवाल्यांच्या युरोपीय एन १६२१-१ (EN 1621-1) मानकाचा छाप असेल तर उत्तम. त्यात पलीकडे पोचणारं सरासरी बल पातळी १ ला ३५ किलोन्यूटनपर्यंत, पातळी २ ला २० पर्यंत चालतं, म्हणजे २ अधिक चांगली. पण ती चाचणी आदळण्याची. खरचटणं वेगळं, आणि आपल्या गोव्यातल्या सत्तरी-सांग्याकडच्या व्हाळांत (ओढ्यांत) जांभा लागला की कापडाची चाळण होते.

आपलं पाणी कोमट, त्यामुळे वेटसूट (पाण्यात ऊब राखणारा घट्ट पोशाख) क्वचितच. पॅड थेट कातडीवर घासतो, गुडघ्यामागे जास्तच. खाली पातळ लेगिंग घाला. पायमोज्यासारखा चढणारा पॅड पट्ट्यांच्या पॅडपेक्षा कमी सरकतो, शिवाय वेल्क्रोत रेती भरली की ते धरत नाही. घेताना दुकानात उकिडवे बसून बघाच.

कोपराचे पॅड अरुंद घळ असेल तरच. लोंबणारी पट्टी डिसेंडरजवळ (दोरावरून उतरायच्या उपकरणाजवळ) नको, दोरासोबत आत ओढली जाते.