अभ्यासिकेत ताजी हवा आणायची तर वीज, पैसा आणि कार्बन कशात कमी?

नौपाड्याचा वाचक

आमच्या ट्रस्टची अभ्यासिका ठाण्यात गोखले रोडवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जागा 1500 चौरस फूट, छत 10 फुटांवर, 60 खुर्च्या. एमपीएससी, सीए, नीटची मुलं सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत बसतात. धूळ आणि हॉर्न यांना कंटाळून समितीने रस्त्याकडच्या खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि स्प्लिट एसी बसवले. आता दुपार झाली की मुलं पेंगायला लागतात, डोकं जड झालंय म्हणतात. यात नवल नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत घेतच नाही. बसलेला माणूस तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 60 जण आणि एकही फट नाही असं धरलं तर आमच्या हॉलमधली पातळी तासाला अडीच हजार पीपीएमने (हवेच्या दर दहा लाख भागांत अडीच हजार भागांनी) चढेल. दाराच्या उघडझापीमुळे प्रत्यक्षात कमी चढते एवढंच. बाहेर ती सव्वाचारशेच्या आसपास असते.

समितीपुढे तीन प्रस्ताव आहेत. एसी काढून खिडक्या उघडायच्या आणि पंखे लावायचे. एसी ठेवून एक्झॉस्ट फॅन बसवायचे. किंवा एसीच्या जोडीला ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) घ्यायचा. या यंत्रात बाहेर जाणारी गार हवा आणि आत येणारी गरम, दमट हवा शेजारशेजारून जातात, त्यामुळे येणाऱ्या हवेची बरीचशी उष्णता आणि ओल आत येण्याआधीच उतरते.

माझं मत तिसऱ्याला. 60 जणांना साधारण 1000 सीएफएम, म्हणजे मिनिटाला हजार घनफूट, बाहेरची हवा लागते. ती नुसती आत ढकलायला पंख्याला तासाला अर्धा युनिट पुरतो. खरा खर्च ती कोरडी आणि गार करण्याचा. मे महिन्यात बाहेर 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर तेवढ्या हवेसाठीच सहा टनांचा एसी लागतो, म्हणजे तासाला पाच-सहा युनिट. ईआरव्ही यातला 60 टक्के भार उतरवतो. त्याच्या पंख्यांची वीज वजा केली तरी दिवसाला 35 युनिट वाचतात. ग्रीडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर रोजचे 25 किलो.

उघडी खिडकी, खारघर

वाचवलेल्या 35 युनिटचा आकडा सांगितलात, उरलेल्या खर्चाचा नाही सांगितला. 60 माणसं, दिवे, तापलेल्या भिंती यांच्यासाठी एसी चालणारच, त्याचे दिवसाला पन्नास-साठ युनिट वेगळे. बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बारा पंखे, प्रत्येकी 30 वॅट, चौदा तास चालले तर पाच युनिट होतात. साडेतीन किलो कार्बन. फरक इतका मोठा असताना पहिला प्रस्ताव एका वाक्यात निकालात काढणं मला पटत नाही.

आणि कार्बन फक्त विजेतून येत नाही. एसीतला आर-32 वायू एक किलो गळला की 675 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी तापमानवाढ. जुना आर-410ए असेल तर 2088 किलो. ईआरव्हीने महिनाभर वाचवलेलं एका गळतीत गेलं. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही मान्य केलंय की आपल्याकडची माणसं खिडक्या-पंख्यांच्या इमारतीत जास्त तापमानात नीट काम करतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठाण्यात एसी कशासाठी हवा आहे, हे कुणीतरी सांगा.

ऐरोलीचा एसीवाला

ताई, हिवाळ्याचं पूर्ण पटलं. त्या दिवसांत ईआरव्हीचाही काही उपयोग नाही. बायपास डॅम्पर, म्हणजे हवा बाजूने वळवणारी झडप, नसेल तर हवा उगाच त्या कोअरमधून (जिथे दोन्ही हवा शेजारशेजारून जातात तो आतला भाग) रेटत बसायची आणि वीज जाळायची. कोटेशन घेताना बायपास मागाच.

पण जुलैचं काय? पारा 27-28 वर, आर्द्रता नव्वदच्या वर, पंख्याखाली बसलं तरी घाम वाळत नाही. मी ज्या लायब्रऱ्यांची कामं केलीत तिथे पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते, पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटतात. उघड्या खिडकीला ओल अडवता येत नाही.

दुसऱ्या प्रस्तावावर कुणी बोललं नाही, तो सगळ्यात वाईट. नुसता एक्झॉस्ट लावला की तो हवा जिथून मिळेल तिथून ओढतो: जिन्यातून, संडासाच्या दाराखालून. शिवाय बिल ईआरव्हीविना येतं तेवढंच येतं, कारण बाहेरून आलेली सगळी ओल एसीलाच काढावी लागते. स्वस्तात होतं म्हणून अर्ध्या ठाण्याने तेच केलंय.

खजिनदार, सानपाडा

मी आमच्या मंडळाचे हिशेब बघतो, म्हणून आकड्यांवरच बोलतो. मे महिन्यातल्या दुपारचा भार तुम्ही चौदा तासांना लावलात. सकाळी सातला तो तेवढा नसतो. आणि साठच्या साठ खुर्च्या परीक्षेच्या तोंडावरच भरतात, एरवी तीस मुलं असली तर पुष्कळ. युनिटला 10 रुपये आणि वर्षाचे नऊ महिने धरून तुमच्या हिशोबाने बचत 94 हजार होते. माझ्या मते ती निम्मी. यंत्र, डक्ट आणि बसवणं मिळून दोन लाखांचं कोटेशन आलं तर ते वसूल व्हायला चार वर्षांच्या वर लागतील.

काही हजारांत कार्बन डायऑक्साइड सेन्सर मिळतो. तो पंख्याच्या वेग-नियंत्रकाला जोडा. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्श्यावर. तीस मुलं असतील तेव्हा 500 सीएफएमच आत येईल आणि एसीवरचा भारही निम्मा होईल. मोठं यंत्र घेण्याआधी हे करा.

नौपाड्याचा वाचक

खजिनदार साहेब, सेन्सर घेऊच, पण ईआरव्हीच्या जागी नव्हे, त्याच्यासोबत. सेन्सर हवा कमी करतो, आलेल्या हवेतली ओल कमी करत नाही. परीक्षेच्या महिन्यांत हॉल भरलेला असतो आणि मुलांना डोकं चालवायची गरजही तेव्हाच असते. वसुलीला चार वर्षं लागली तरी मला चालतील. ट्रस्टचं काम मुलांनी तिथे नीट अभ्यास करावा हे आहे.

तिथेच बसणारी

मी याच अभ्यासिकेत रोज असते. रस्त्याकडच्या खिडक्यांच्या फटींना खाकी टेप मारलीय. तिसऱ्या खिडकीची टेप एका कोपऱ्यात सुटलीय आणि त्या खुर्चीसाठी सकाळी आधी येऊन बॅग ठेवतात. एसीच्या तोंडाशी 18 वर ठेवलेल्या गारठ्यात मुली ओढण्या गुंडाळून बसतात, दाराजवळचे घाम पुसतात. 2020 पासून नवे एसी 24 वरच सुरू होतात, तरी कुणी ना कुणी येऊन खाली आणतंच. 26 वर ठेवा आणि पंखे चालू ठेवा. मागच्या गल्लीकडे दोन खिडक्या आहेत, तिथे हॉर्न येत नाहीत. त्यांच्यासमोर दारावर झरोका काढला तर हवा आरपार जाईल.

उघडी खिडकी, खारघर

मागच्या गल्लीच्या खिडक्यांचा उल्लेख मूळ प्रस्तावात नव्हता! मग हिवाळाभर एसी बंद ठेवून त्या उघडाच. आणि पावसाळ्यासाठी ईआरव्ही घ्यायचाच असेल तर 1000 नव्हे, 500 सीएफएमचा घ्या. गर्दीच्या महिन्यांत त्याच्या जोडीला खिडकी फटभर उघडी ठेवा.

ऐरोलीचा एसीवाला

500 चा घेतलात तर परीक्षेच्या काळात मुलं पुन्हा पेंगतील, आणि जुलैत खिडकी फटभर उघडली की जी ओल अडवायला यंत्र घेतलं तीच आत येईल. त्यापेक्षा 1000 चाच घ्या आणि सेन्सरवर हळू चालवा, हळू चालला की तो ओलही जास्त उतरवतो. घेण्याआधी एक ठरवा, फिल्टर कोण साफ करणार. गोखले रोडची धूळ आहे, महिन्याला काढून झटकावेच लागतील. आतला कोअर कागदी असेल तर त्याला पाणी लावायचं नाही, व्हॅक्यूमने धूळ ओढायची. एका ठिकाणी शिपायाने तो बादलीत बुडवून धुतला आणि नवा मागवावा लागला. फिल्टर तुंबला की हवा निम्म्यावर येते आणि वर सगळे म्हणतात, यंत्रच खराब आहे.