फैज फझलला एकच वन-डे: अन्याय की हिशोब बरोबर?

सिव्हिल-लाईन्सकर
15 जून 2016, हरारे, तिसरी वन-डे. बुमराहने 22 धावांत 4 काढले, झिम्बाब्वे 123 वर गारद. मग के. एल. राहुल नाबाद 63 आणि आपला विदर्भाचा ओपनर फैज नाबाद 55 (61 चेंडू, 7 चौकार, 1 षटकार), 21.5 षटकांत खेळ खल्लास. त्यानंतर भारताकडून एकही मॅच नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये इथेच नागपुरात सिव्हिल लाईन्सच्या मैदानावर हरियाणाविरुद्ध रणजी खेळून तो थांबला, तेव्हा नावावर 138 प्रथम श्रेणी सामने, 9,183 धावा, 24 शतकं होती. आणि वन-डेच्या सरासरीचा रकाना मात्र कोरा, कारण गडी कधी आऊटच झाला नाही! हा अन्याय नाही तर काय?

स्कोअरबुक
भाऊ, तो दौरा दुसऱ्या फळीचा होता. कोहली, रोहित, धवन, रहाणे कोणीच नव्हते. त्यातही पहिल्या दोन सामन्यांत राहुलसोबत करुण नायर आला, 7 आणि 39 करून गेला. मालिका खिशात पडल्यावर फैजचा नंबर लागला. टार्गेट 124, म्हणजे षटकामागे अडीचसुद्धा नाही. वन-डेच्या ओपनरची परीक्षा पहिल्या दहा षटकांत असते. 30 यार्डांच्या सर्कलबाहेर दोनच फिल्डर असताना त्यांच्या डोक्यावरून मारता येतं का, हे बघतात. तिथे मारायची गरजच नव्हती. सीनिअर परतले की असा ओपनर घरी जातो, हे ठरलेलंच असतं.

जामठा-एंड
परतले कुठे? ऑक्टोबर 2016 ची न्यूझीलंडविरुद्धची वन-डे मालिका काढून बघा. राहुल कानपूर कसोटीत जखमी झाला, धवनचा अंगठा कोलकात्यात गेला. दोन ओपनर एकदम नाहीत. मग रोहितसोबत रहाणेला वर ढकललं आणि राखीव फलंदाज म्हणून मनदीप सिंगला घेतलं. मनदीप मालिकाभर बाकावर बसला, पुढेही त्याला वन-डे मिळाली नाही. चार महिन्यांपूर्वी नाबाद 55 केलेला डावखुरा ओपनर मात्र कोणाला आठवला नाही.

मधल्या काळात बदलली ती निवड समिती. संदीप पाटील यांची मुदत सप्टेंबरमध्ये संपली, एमएसके प्रसाद आले. पाटलांच्या समितीसमोर त्याचं ताजं काम होतं: देवधर करंडकाच्या (देशांतर्गत वन-डे स्पर्धा) फायनलला शतक, आणि मार्चमध्ये इराणी करंडकात मुंबईविरुद्ध 480 चा पाठलाग करताना 127. नवी समिती आली की जुनी बाकी कोणी पुढे ओढत नाही. दोष हरारेचा नाही, या ऑक्टोबरच्या यादीचा आहे.

स्कोअरबुक
विदर्भ ज्यात येतो त्या मध्य विभागाचे निवडकर्ते गगन खोडा दोन्ही समित्यांत होते की. बोलायला माणूस होता.

बर्डीवाला
हाव, पाचातला एक. अन् कसोटी खेळले नाहीत म्हणून लोढा समितीच्या (क्रिकेट बोर्डाच्या सुधारणेसाठी सुप्रीम कोर्टानं नेमलेली) नियमात जानेवारी 2017 ला त्यांनाच घरी बसवलं. काय बोलतीन बाप्पा!

सिव्हिल-लाईन्सकर
बरं, वन-डे सोडा. 2017-18 च्या रणजीत 912 धावा, 5 शतकं, वर कॅप्टन. इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाचा पहिला करंडक, पुढच्या वर्षी नागपूरच्या जामठा स्टेडियमवर सौराष्ट्राला हरवून दुसरा. कसोटी संघात निदान राखीव म्हणून तरी?

स्कोअरबुक
त्याच मोसमात कर्नाटकचा ओपनर मयंक अगरवालने 1,160 केल्या, त्यात नाबाद 304. मयंक सव्वीस वर्षांचा, फैज बत्तीसचा. इतकं करून मयंकलाही पहिल्या कसोटीसाठी डिसेंबर 2018 पर्यंत, मेलबर्नपर्यंत ताटकळावं लागलं. शिवाय फैजला कोणी विसरलं नव्हतं. 2018 च्या दुलीप करंडकात इंडिया ब्लूचा कॅप्टन तोच होता, आणि जिंकलाही. म्हणजे नाव टेबलावर होतं, वय आडवं आलं.

जामठा-एंड
वय आडवं का आलं, तेही बघा. 2003-04 ला अठराव्या वर्षी रणजी पदार्पणात जम्मू-काश्मीरविरुद्ध 151. पुढची कितीतरी वर्षं विदर्भ प्लेट गटात, म्हणजे रणजीच्या खालच्या गटात. मधे तो रेल्वेकडूनही खेळला. प्लेटमधल्या शतकाला निवड समिती पहिला प्रश्न विचारते, समोर बॉलर कोण होते? त्या प्रश्नात विशीतली चांगली वर्षं गेली.

स्कोअरबुक
विदर्भाचाच उमेश यादव त्याच प्लेटमधून 2010 ला वन-डे आणि 2011 ला कसोटी खेळला.

जामठा-एंड
फास्ट बॉलरचं वेगळं आहे. 140 चा स्पीड आयपीएलच्या स्क्रीनवर दिसतो, तो कुठल्या गटातला ते कोणी विचारत नाही. ओपनरला मोसमभराच्या धावा दाखवाव्या लागतात.

स्कोअरबुक
आयपीएल फैजलाही मिळालं होतं. राजस्थानकडून 12 सामने. त्यात एखादी मोठी खेळी झाली असती तर प्लेट गटाचा विषयच निघाला नसता.

बर्डीवाला
12 सामने दोन मोसमांत मिळून, ते बी आत-बाहेर करत. तेवढ्यात काहून मोजता त्याले?