मदत हवी आहे: इव्हॅपोरेटरच्या चौथ्या बॉडीतलं स्केल (ट्यूबमध्ये बसलेला क्षारांचा थर) निघत नाही

नमस्कार मंडळी. मी सहकारी साखर कारखान्यात इव्हॅपोरेटरवर (उसाचा रस उकळून आटवणाऱ्या यंत्रावर) शिफ्टला असतो. आमचा चार बॉडींचा, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या चार भांड्यांचा, सेट आहे. एरवी १५ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या घन पदार्थांची, मुख्यतः साखरेची, टक्केवारी) रस शेवटच्या बॉडीतून ६० ब्रिक्सचं सिरप होऊन बाहेर पडतो. गेले दहा दिवस सिरप ५२ च्या वर जाईना. व्हॅक्यूम २५ इंच टिकून आहे, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) नीट निघतं, नॉन-कंडेन्सेबल गॅसचे (थंड होऊनही पाणी न होणाऱ्या वायूंचे) व्हॉल्व्हही तपासले. म्हणजे दोष ट्यूबमध्येच.

पहिल्या दोन बॉडींतलं फॉस्फेटचं स्केल मऊ असतं, कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) उकळलं की ब्रशने सुटतं. चौथीत मात्र सिलिका आणि ऑक्झलेटचा काचेसारखा कडक थर बसलाय. कॉस्टिक देऊनही ब्रश नुसता वरून घसरतो.

कॉस्टिकमध्ये थोडा धुण्याचा सोडा मिसळून जास्त वेळ उकळलं, तर ऑक्झलेट सुटतं का? प्रमाण किती ठेवता? नंतर इनहिबिटर (ॲसिडपासून धातू वाचवणारं रसायन) घालून सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड द्यावं असं एक वरिष्ठ म्हणतात, पण आमच्या ट्यूब पितळी आहेत, त्या पातळ होतील याची मला खरंच काळजी वाटते.

सिरप पातळ आलं की पॅनवर (सिरपपासून साखरेचे दाणे करायच्या भांड्यावर) वाफ जास्त लागते आणि बॉयलरमधला बगॅस (उसाचं चिपाड) उगाच जळतो. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. येत्या सफाईआधी ठरवायचं आहे.