कुष्ठरोगग्रस्तांमध्ये अल्पकालीन मिशनसेवा : तुमचे अनुभव लिहा

आमच्या चर्चच्या मंडळीचा एक गट कुष्ठरोगग्रस्तांच्या वसाहतीत थोड्या दिवसांच्या सेवेला जाणार आहे आणि तयारीचं काम माझ्याकडे आलंय. परत आलेल्यांच्या साक्षी मंडळीत भरपूर ऐकल्या. त्यात सगळं छानच असतं. इथे मला बाकीचं हवंय. प्रत्यक्ष हाताने काय केलंत, कशाचा उपयोग झाला, काय फुकट गेलं, देवाचं वचन आणि औषध एकत्र कसं चाललं? विश्वासी नसलेल्यांनीही जरूर लिहा. संस्थांची नावं तेवढी नकोत.

नर्स

माझा जवळजवळ सगळा वेळ पायांशी गेला. गटातले बरेच जण विचारत होते, "हे लोक बरे झालेत ना, मग जखमा कशाच्या?" निघण्याआधी हे कोणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एमडीटीची, म्हणजे या रोगावर एकत्र द्यायची औषधं सहा किंवा बारा महिने घेतली की जंतू मरतात, पण मज्जातंतू आधीच गेले असतील तर गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. पायात काटा रुतला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. घाम येत नाही, म्हणून कातडी कोरडी पडून फाटते. म्हणजे औषधं वर्षभरात संपतात, पायांचं मात्र जन्मभर बघावं लागतं.

रोजचं काम असं : बादलीत साधं पाणी घेऊन पाय अर्धा तास बुडवून ठेवायचे. घट्टे मऊ झाले की खरखरीत दगडाने हलके घासायचे. मग ओल्या कातडीवरच तेल, म्हणजे ओल आत टिकते. शेवटी बोटांच्या बेचक्या, टाच, चवडा नीट बघायचा, कुठे लाली आहे का, कुठे ऊब जास्त लागते का. एका आजींचे पाय मी घासत होते, तर त्यांनी दगड माझ्या हातातून काढून घेतला. "तू गेल्यावर कोण घासणार?" म्हणाल्या आणि स्वतःच घासायला लागल्या. त्या दिवसापासून मी दगड हातात घेतला नाही. नुसती शेजारी बसून बघायची आणि लाली दिसली तर दाखवायची.

आमच्यातल्या एकाला योहान 13 प्रमाणे, येशूने शिष्यांचे पाय धुतले तसा, पाय धुण्याचा विधी करायचा होता, फोटोसकट. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, जरूर करा, पण आधी अर्धा तास भिजवा आणि नंतरचं ड्रेसिंगही तुम्हीच करा. विधी झाला नाही. ड्रेसिंग मात्र त्याने शेवटच्या दिवसापर्यंत केलं, आणि चांगलं केलं.

कॉलेजातली मुलगी

घरी सगळ्यात मोठा प्रश्न "तुला झालं तर?" हा होता. साधारण 95 टक्के लोकांच्या शरीरात या रोगाशी लढायची ताकद निसर्गतःच असते, आणि उपचार सुरू झाले की रुग्णाकडून लागण होणं लवकरच थांबतं. हे वाचून दाखवल्यावर आई शांत झाली. बाबा नाही झाले. तिथे मी मुलांबरोबर खेळले आणि भिंती रंगवल्या. भिंतींना रंगाची गरज होती असं मला वाटत नाही.

चपलांच्या खोलीतून

मी पलीकडच्या बाजूचा. लहानपणी रोग झाला, निदान उशिरा झालं, बोटं वाकली ती वाकलीच. आता वसाहतीत चपला बनवतो. तुमच्यासारखे गट बरेच पाहिलेत.

एका गटाने पेट्या भरून बूट आणले होते, नवेकोरे. पण टाचेत खिळे, आत जाड शिवण. ज्याला टोचलेलं कळतं त्याच्यासाठी ते उत्तम. आमच्या चपलेत खिळा चालत नाही. पायाखाली मऊ एमसीआर रबर (बारीक छिद्रांचं, दाबलं की दबणारं), त्याच्याखाली काटा आत येणार नाही असा कडक तळ, आणि मागे पट्टा, कारण पायाच्या बोटांत जोर नसला की चप्पल धरून ठेवता येत नाही. ते बूट वाटण्याआधी तपासायला हवे होते. माझा स्वतःचा हात बधिर, म्हणून शेजारच्या पोराला प्रत्येक बुटात हात घालायला लावला. त्याने "आई गं" म्हटलं की तो जोड बाजूला. थोडेच उरले, ते कर्मचाऱ्यांच्या मुलांना दिले.

आणखी एक. प्रत्येक गट आम्हाला लूक 17 वाचून दाखवतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. आम्हाला ते तोंडपाठ आहे. एकदा आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाळकसाहेब, आज ती मासेमारीची गोष्ट नाही का?" सगळे हसले, पाळकही हसले आणि त्यांनी योहान 21 उघडला. त्या दिवशीच्या भक्तीत कोणी पेंगलं नाही.

डॉक्टर, विश्वासी नसलेला

मित्राच्या आग्रहाने गेलो. माझी अट एकच होती : तपासणीच्या रांगेत प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत. मदतकार्यासाठी रेडक्रॉस आणि इतर संस्थांची 1994 ची जी आचारसंहिता आहे तिच्यातही हेच आहे, की मदतीचा वापर कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेचा प्रसार करायला करू नये. बऱ्याच ख्रिस्ती संस्थांनीही ती मान्य केली आहे. गटप्रमुखांनी अट पाळली. संध्याकाळच्या उपासनेला ज्याला यायचं तो येई. एकदा तपासताना एका बाईंनी स्वतःहून प्रार्थना मागितली, तेव्हा मी स्टेथोस्कोप काढून बाजूला उभा राहिलो. त्याला माझी हरकत नव्हती.

माझी खरी तक्रार निघण्याच्या तारखेबद्दल आहे. आमच्या मुक्कामाच्या शेवटी एका तरुणाला रिॲक्शन आली, औषधाची नव्हे, तर रोगाच्या जंतूंविरुद्ध शरीरच भडकून उठतं ती. चट्टे लाल होऊन सुजले आणि कोपरामागची नस दाबली की तो कळवळायचा. करंगळीतली ताकद कमी व्हायला लागली होती. नस अशी नव्यानेच बिघडत असेल तर प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडने ती वाचू शकते, पण गोळ्या कित्येक आठवडे हळूहळू कमी करत न्याव्या लागतात आणि मधूनमधून हाताची ताकद, संवेदना, रक्तातली साखर, रक्तदाब तपासावा लागतो. दुसऱ्या दिवशी निघणाऱ्याने हे सुरू करून चालत नाही. तिथे राहणाऱ्या डॉक्टरांना मी त्याच रात्री गाठलं आणि रुग्ण त्यांच्या हवाली केला. असा कायमचा डॉक्टर जिथे नाही तिथे बाहेरच्या गटाने तपासणी शिबिरं घेऊच नयेत, असं माझं मत आहे. आपण निदान करणार, आणि मग त्या माणसाने जायचं कुठे?

वसाहतीचं ऑफिस सांभाळणारी

डॉक्टरांशी सहमत. गट आला की माझी दोन माणसं दुभाषी म्हणून जातात आणि त्यांची कामं तुंबतात, हेही धरा. शक्यतो लहान गट आणा. मला सगळ्यात आवडलेला पाहुणा एक इलेक्ट्रिशियन होता. भाषा येत नव्हती, कोणाशी फारसं बोललाही नाही, पण ड्रेसिंगच्या खोलीतला बंद पडलेला निर्जंतुकीकरणाचा कुकर चालू करून गेला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. चपलांच्या खोलीतल्या दादा, बुटांची यादी आमच्याकडेही तयार होती, ती आत्ताच फाडली. मग काय आणू?

चपलांच्या खोलीतून

एमसीआरच्या शीट चालतील, पण जाडी महत्त्वाची. तिथल्या ऑफिसला आधी विचारा, ते चपला बनवणाऱ्याकडून जाडी घेऊन कळवतील. चिकटवायचं सोल्युशन आणू नका, पेट घेतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, उगाच विमानतळावर काढून ठेवावं लागेल. आणि कोणाला चामड्याची शिलाई येत असेल तर त्याला नक्की आणा. बाकीच्यांना सिस्टर कामाला लावतील.