मदत हवी आहे: कोंबडीने जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार गिळली, ऑपरेशन की वाट बघायची?

गावरान तलंग, वजन 1.8 किलो, कोल्हापूर उद्यमनगर. खुराड्याची जाळी बदलताना पडलेले तारेचे तुकडे तिने टिपले. एक्स-रेत गिझर्डमध्ये (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पोटात) दोन तुकडे स्पष्ट दिसतात, साधारण सेंटीमीटरभर, एकाचं टोक धारदार. क्रॉप (गळ्याखालची अन्नाची पिशवी) रिकामा होतोय, म्हणजे वर काही अडकलेलं नाही. विष्ठा मात्र हिरवी पातळ, तुरा फिका, पाय लटपटतात. तारेवरचं जस्त पोटातल्या आम्लात विरघळून भिनतंय असा संशय.

डॉक्टरांनी कॅल्शियम ईडीटीए (शरीरात भिनलेला धातू बांधून बाहेर काढणारं औषध) दिवसातून दोनदा सुरू केलंय. सोबत भिजवलेला भरडा, थोडं इसबगोल आणि भरपूर पाणी. टिपायला ठेवलेले खडे काढून घेतलेत, कारण गिझर्डमध्ये त्यांनी दळताना जस्त आणखी सुटतं. चुंबक गिळवून पोटात ठेवायला सुचवू नका, तो गाई-म्हशींचा उपाय. औषध चालू असल्याने तिची अंडी कोणी खात नाही.

गिझर्डचे स्नायू जाड, त्यामुळे चिरण्यात रक्तस्राव आणि टाके सुटण्याची भीती. थांबावं तर तार भिंत भेदेल. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत नेता येईल, पण इतका प्रवास तिला झेपेल का ही शंका आहेच.

पुन्हा एक्स-रे किती दिवसांनी काढावा? आणि कोल्हापूर, सांगली-मिरज किंवा बेळगावात पक्ष्यांना आयसोफ्लुरेनची (श्वासातून द्यायच्या वायूची) भूल देऊन किंवा एंडोस्कोपीने (कॅमेऱ्याची नळी घालून) धातू काढणारं कुणी आहे का?