मिशिगन स्टेट कॉलेजची बास्केटबॉल टीम पहिल्याच मॅचला हरली : ‘सगळे घरचे’ ग्रुप

मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२३, सकाळ (मिशिगनमध्ये अजून सोमवारची रात्र)

चिनू: हरलो. ७९-७६. ओव्हरटाइममध्ये, तेही आपल्याच कोर्टवर, सीझनच्या पहिल्याच मॅचला

चिनू: आत्ता ब्रेसलिन स्टेडियममधून बाहेर पडतेय, बाहेर मॅजिक जॉन्सनच्या पुतळ्यापाशी मुलं नुसती उभी आहेत, कोणाला घरी जावंसं वाटत नाहीये

आत्या (चिनूची आई): अगं एकटी आहेस का? रूमवर पोचलीस की मेसेज टाक आधी

चिनू: नाही गं आई, आम्ही तिघी आहोत. टाकते

दादा: मी इथे नोव्हीत टीव्ही बंद करून तसाच बसलोय. वीस थ्री पॉइंटर मारले, लांबून तीन पॉइंटचे शॉट, आणि एकच आत गेला. वीसात एक!! इतकी वर्षं ही टीम बघतोय पण असं शूटिंग मला आठवत नाही, आणि मोकळे होते रे अर्धे शॉट, समोर हात पण नव्हता कोणाचा

बंटी: कोणाशी होती दादा

दादा: जेम्स मॅडिसन

आत्या: हे कॉलेजचं नाव आहे का माणसाचं

दादा: कॉलेजचंच आत्या. व्हर्जिनियात हॅरिसनबर्ग म्हणून गाव आहे तिथली युनिव्हर्सिटी, अमेरिकेच्या चौथ्या राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलंय. आपली टीम सीझनच्या आधीच्या रँकिंगमध्ये देशात चौथी होती, आणि इथे काय पद्धत आहे की मोठी कॉलेजं नोव्हेंबरमध्ये लहान कॉन्फरन्समधल्या (म्हणजे गटातल्या) टीमना पैसे देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात, म्हणजे हात मोकळे होतात, नवीन पोरांना खेळवून बघता येतं. अशी मॅच जिंकायचीच असते. हरलो तर मार्चमध्ये देशाच्या टूर्नामेंटसाठी टीम निवडतात ना तेव्हा ती हार समोर काढून दाखवतात

बंटी: पण एकच मॅच ना, तीसेक तरी असतील सीझनमध्ये

चिनू: बंटी तू आत होतास का? मी सांगते आत काय होतं. मी इझोनमध्ये होते, म्हणजे आमचा स्टुडंट सेक्शन, अगदी कोर्टला लागून, सगळे पांढऱ्या टीशर्टमध्ये. हे वर्ष आमचं कसं गेलंय तुला माहितीये, फेब्रुवारीत कॅम्पसवर गोळीबार झाला, आमची तीन मुलं गेली, त्यानंतर ब्रेसलिनमधली पहिली मॅच २१ फेब्रुवारीला इंडियानाशी झाली तेव्हा मी तिथेच होते आणि तेव्हा पहिल्यांदा मला इतक्या लोकांमध्ये बसून भीती वाटली नाही. मग सप्टेंबरमध्ये फुटबॉलच्या कोचला काढलं, ऑक्टोबरमध्ये त्या दुसऱ्या कॉलेजने, युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनने, आम्हाला फुटबॉलमध्ये ४९-० मारलं, आमच्याच स्टेडियममध्ये. सगळे एकच म्हणत होते, थांबा, बास्केटबॉल येऊ दे. म्हणून आज इतकं लागलं मनाला, ही एक मॅच नव्हती रे आमच्यासाठी

आत्या: खरंय बाळा. त्या फेब्रुवारीत तुझा फोन लागेपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. आणि नंतर तुझ्या त्या म्हाताऱ्या कोचचं भाषण तू पाठवलं होतंस ते मी दोनदा ऐकलं होतं

चिनू: इझो. हो, श्रद्धांजली सभेला बोलले होते ते, कॅम्पसवरच्या रॉक नावाच्या मोठ्या दगडापाशी, थंडीत

नाना (बंटीचे बाबा): बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता, उघडून बसलोय. थ्रीचं सगळे बोलताहेत पण मला फ्री थ्रो दिसताहेत. ३७ मिळाले, २३ घातले. १४ वाया. मॅच कितीने गेली? तीनने.

दादा: नानाकाका तेच तर

नाना: थांब, पुढे ऐक. थ्री जात नाही तो दिवस कोणाचाही येतो, लांबचा शॉट आहे, पाय जड झाले की बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतो, समोरचा अंगावर येतो, मान्य. आमच्या वेळी तर थ्रीची रेघच नव्हती. पण फ्री थ्रो म्हणजे पंधरा फूट, समोर कोणी नाही, घड्याळ बंद, कोणी हात लावणार नाही. तो पॉइंट समोरच्याने तुम्हाला फाउल करून दिलेला असतो. आणि कॉलेजच्या नियमात अजून एक मेख आहे, हाफमध्ये सातवा टीम फाउल झाला की वन अँड वन, म्हणजे पहिला घातला तरच दुसरा मिळतो. पहिलाच चुकला तर कागदावर एकच मिस दिसतो पण गेले दोन. तेव्हा १४ च गेले असं मी तरी म्हणणार नाही

बंटी: बाबा तुम्ही सकाळी सकाळी चहाच्या आधी

नाना: चहा झाला माझा. चिनू मला एक सांग, पोरं लाइनवर उभी राहून काय करत होती? तू जवळ होतीस. घाई करत होती का

चिनू: नानामामा आमच्या बाजूच्या रिंगवर जेवढे झाले तेवढं सांगते. सुरुवातीला नीट होतं, तीनदा बॉल आपटायचा, श्वास, मग शॉट. नंतर नंतर बॉल हातात आला की लगेच फेकल्यासारखं. आणि एक मिस झाला की पूर्ण स्टेडियम असं हं करून मागे बसायचं, ते ऐकू जात असणार ना त्यांना. चौदा हजारावर माणसं एकदम हं करतात तेव्हा. आम्ही पुढच्या रांगेतले ओरडत होतो की काही होत नाही, पुढचा घाल, पण मागून तो आवाज येतच होता

नाना: जातं ऐकू. मी नागपूरला खेळायचो तेव्हा दोनशे माणसं असायची सिमेंटच्या कोर्टभोवती, तरी ऐकू जायचं. आमचे सर प्रॅक्टिस संपली की शेवटी, पाय लटपटायला लागले की मग फ्री थ्रो घ्यायला लावायचे, आणि सलग दहा गेले तरच घरी. बॉलची शिवण बोटांखाली आडवी घ्यायची, कोपर रिंगच्या रेषेत, गुडघा वाकवायचा आणि शॉट सुटल्यावर मनगट तसंच खाली पडलेलं ठेवायचं, बॉल रिंगमध्ये जाईपर्यंत हात खाली नाही आणायचा. दमलेला माणूस सगळ्यात आधी गुडघा विसरतो. ताज्या अंगाने फ्री थ्रो सगळ्यांचे जातात, मॅचमध्ये अंग ताजं नसतं

दादा: माझं भांडण कोचशी आहे. इझो १९९५ पासून आहे, २००० ला चॅम्पियन, आठदा फायनल फोर म्हणजे शेवटच्या चारात, सलग पंचवीस वर्षं टूर्नामेंट, माझ्याइतका आदर कोणाला नसेल. पण आता जग बदललंय ना! ट्रान्सफर पोर्टल आलंय, मुलं दरवर्षी कॉलेज बदलतात, सगळे कोच त्यातून तयार शूटर उचलतात आणि आपण या उन्हाळ्यात एकही घेतला नाही. एकही नाही. गेल्या वर्षी थ्री मारण्यात आपण देशात वरच्या फळीत होतो, कारण हाउझर होता, तो गेला, त्याची जागा भरायला कोण आणलं? कोणी नाही. जी पोरं होती तीच सुधारतील म्हणून बसलो

चिनू: दादा आज पॉइंट कोणी केले ते बघ ना, टायसन वॉकर, ३५!! तो पण ट्रान्सफरच आहे, नॉर्थईस्टर्नवरून आलेला, म्हणजे पोर्टल नकोच असं काही इझोचं नाहीये. आणि वॉकर या वर्षी जाऊ शकला असता, कोविडचं जास्तीचं वर्ष मिळालं तर तो परत आला, हॉगर्ड परत आला, मलिक हॉल परत आला. यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर. दरवर्षी नवीन पोरं आणली तर आम्ही ओळखणार कोणाला? शेवटच्या घरच्या मॅचला सीनियर कोर्टच्या मधल्या त्या स्पार्टनच्या चिन्हावर वाकून ओठ टेकवतात तेव्हा आम्ही रडतो, ते कशाला रडलो असतो एका वर्षाच्या पाहुण्यांसाठी

दादा: भावना समजते चिनू पण ३५ एकट्याने करूनही हरलो हेच मी म्हणतोय, बाकीचे कुठे होते

वहिनी (दादाची बायको): मी मधे बोलू का. रात्री इतक्या उशिरा हा माणूस हॉलमध्ये येरझाऱ्या घालतोय म्हणून मी पण जागी आहे. मी पण बघितली मॅच पूर्ण, आणि इथे मघापासून आपण का हरलो एवढंच चाललंय, ते का जिंकले हे कोणी बोलतच नाहीये. त्यांचा तो बिकरस्टाफ, २१ पॉइंट आणि १४ रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे बॉल पकडले, आपली एवढी उंच पोरं रिंगखाली असताना. एडवर्ड्सने २४ केले. परक्या स्टेडियममध्ये, चौथ्या नंबरच्या टीमसमोर, आपण परत परत जवळ येत होतो तरी ती पोरं गडबडली नाहीत. लहान टीम लहान टीम काय, नीट खेळले ते

नाना: सूनबाई शंभर टक्के. १४ रिबाउंड उंचीने मिळत नाहीत, समोरच्याला पाठीवर घेऊन जागा अडवावी लागते, प्रत्येक शॉटला. बॉल आपल्याकडे येणार नाही हे माहीत असतानाही. ते काम कोणाला दिसत नाही

दादा: त्यांची फुटबॉलची टीम पण या सीझनला अजून एकही हरलेली नाही. कॉलेजमध्ये वातावरणच तसं असणार सध्या. मान्य, तुमच्या वहिनीचं मान्य

चिनू: मला पण मान्य. शेवटी त्यांची पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, त्यांचे मोजकेच लोक आले होते वरच्या कोपऱ्यात, ते रडत होते आनंदाने. मला राग नाही आला त्यांचा

चिनू: आई पोचले रूमवर

आत्या: बरं झालं. काहीतरी खा आणि झोप

दादा: मला झोप नाही येणार. मला २०१६ आठवतंय, आपण दोन नंबरचे सीड, मिडल टेनेसी पंधरावे, ९०-८१ हरलो पहिल्याच राउंडला. त्या वर्षी आपण चॅम्पियन होणार असं मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत होतो. पण ते मार्चमधलं होतं, तिथे संपतं सगळं. आजच्या हारीला निदान उरलेला सीझन आहे हातात, तेवढंच

बंटी: काल वर्ल्ड कपच्या मॅचमध्ये मॅथ्यूजला क्रीजवर वेळेत आला नाही म्हणून टाइम्ड आउट दिला त्यावर आमच्या ऑफिसात कालपासून भांडणं चाललीत आणि मी इथे ग्रुपवर फ्री थ्रोचा नियम शिकतोय. चिनू लिंक पाठव ना हायलाइट्सची, बघायचंय मला

संध्याकाळ (मिशिगनमध्ये मंगळवारची सकाळ)

चिनू: गुड मॉर्निंग. वर्गात कोणी काही बोलत नाहीये, प्रोफेसर आत आले आणि म्हणाले तुमचे चेहरे बघून आज सोपं शिकवतो

बंटी: तिकडचं सोडा टीव्ही लावा कोणीतरी!! वानखेडेवर ऑस्ट्रेलिया ९१ ला ७, अफगाणिस्तानने २९१ केलेत

नाना: मॅक्सवेल आहे अजून. पाय वळलेत त्याचे, पळता येत नाहीये

आत्या: मी शंकरपाळे तळता तळता बघतेय, काय मारतोय तो एका जागी उभा राहून

बंटी: २०१!!!!! १२८ बॉलमध्ये. जिंकले. जिंकवली एकट्याने

दादा: मीटिंगमधून बघितलं शेवटचं. काल वॉकरला असा एक पार्टनर पाहिजे होता, कमिन्ससारखा, नुसता एक बाजू धरून उभा राहणारा. त्याने १२ च केले पण विकेट नाही दिली

नाना: बरोबर बोललास. तुमच्या हॉगर्डचं काम तेच आहे. पॉइंट नाही झाले तरी चालतील, पण बॉल सांभाळायचा, वॉकरला श्वास घेऊ द्यायचा आणि लाइनवर गेलास की दोन्ही घालायचे. चिनू पुढची मॅच कधी

चिनू: गुरुवारी, सदर्न इंडियानाशी, इथेच. मग १४ ला शिकागोला ड्यूक. ड्यूक दोन नंबरचे आहेत

दादा: ड्यूकची मला आत्ताच धास्ती आहे. असेच थ्री मारले तर तिथे तीनने नाही हरणार आपण

चिनू: मी गुरुवारी जाणार आहेच. काल कितीतरी जण म्हणत होते आता नाही येत, तिकीट विकतो. मी नाही विकणार, उलट लवकर जाऊन पुढची रांग धरणार. हरल्यावर पोरं कोर्टवर येतील तेव्हा समोरच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत त्यांना

वहिनी: शाब्बास. आणि १४ ला पाडवा आहे, तू इकडेच ये, तुझा दादा घ्यायला येईल ऑफिसमधून परस्पर, तासाभराचा तर रस्ता आहे. मॅच इथे बघू, फराळ आलाय ठाण्याहून

आत्या: पोचला का! चकल्या मोडल्या नाहीत ना?

वहिनी: थोड्या मोडल्या, चव उत्तम आहे

बंटी: आमच्याकडे ती बुधवारी पहाटे लागणार म्हणजे, भाऊबीजेला. बाबा उठणार आहात का

नाना: उठणार म्हणजे काय. चिनू, गुरुवारी एक काम कर, मॅचच्या आधी तासभर जा, वॉर्मअपला कोण कोण फ्री थ्रो घेतंय आणि किती घेतंय ते बघ, मला लिहून पाठव. हॉगर्डचं खास बघ, गुडघा वाकतोय का

चिनू: हो नानामामा, व्हिडिओच पाठवते

दादा: आणि पोर्टलवर आपण १४ ला समोरासमोर बोलू चिनू, माझं म्हणणं मी सोडलेलं नाही

चिनू: बोलू. मी पण सोडलेलं नाहीये