मदत हवी आहे: लग्नं पार पडली, अल्बम अडकलेत. कसे सोडवायचे?

नमस्कार मंडळी,

मी कराडची, लग्नाचे फोटो काढणं हाच माझा व्यवसाय. फोटोला मी आणि एक सहकारी, व्हिडिओला दोघे भाऊ, असे आम्ही चौघं. कामं कराड, सातारा, विटा, कोल्हापूर या पट्ट्यातली, अधूनमधून पुण्यातली. तुळशीचं लग्न तोंडावर आलंय. नव्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत गेल्या सीझनचा हिशेब मांडून बसले आहे आणि एका जागी अडले आहे, म्हणून हा धागा काढतेय.

गेल्या कार्तिकापासून आषाढापर्यंत जी लग्नं केली, त्यातल्या जवळजवळ निम्म्या घरांचे अल्बम अजून छापायला गेलेले नाहीत. आमच्या बाजूचं काम झालंय. फोटो निवडून, रंग नीट करून लिंक पाठवलीय, पेनड्राइव्ह पोचलाय. आता घरच्यांनी अल्बमसाठी फोटो निवडून द्यायचे, ते येत नाहीत. फोन केला की "ताई, या रविवारी नक्की बसतो" म्हणतात. खोटं कुणीच बोलत नाही, खरंच बसायचं असतं त्यांना. आमच्याकडे पैशाची रीत अशी, की तारीख धरताना बयाणा, लग्नादिवशी मोठी रक्कम आणि उरलेले अल्बम हातात देताना. त्यामुळे निवड थांबली की अल्बम थांबतो आणि त्याच्यामागे पैसेही थांबतात.

पैशांचं सांगितलं, पण मला जास्त टोचतं ते वेगळंच. पेनड्राइव्ह कपाटात जातो आणि तिथेच राहतो. घरी पाहुणे आले की कुणी तो काढून टीव्हीला लावत नाही, अल्बम मात्र मांडीवर घेतला जातो. आजीला, शेजारच्या काकूंना, धाकट्या पोरांना तोच बघता येतो. तो झाला नाही तर आम्ही दिवसभर उभं राहून केलेलं काम त्या घरात पोचलंच नाही, असं मला मनापासून वाटतं.

काम म्हणून वर्ष चांगलं गेलं. मे 2025 मध्ये मात्र पावसाने परीक्षा घेतली. 26 मेला मान्सून मुंबईत पोचला, पण त्याच्या आधीपासूनच आमच्याकडे पाऊस लागून राहिला होता. एका लॉनवर ऐनवेळी बोहलं उचलून जेवणाच्या हॉलमध्ये मांडावं लागलं. वर पत्रा, एका अंगाला ट्यूबलाइट, दुसऱ्या अंगाला जांभळी एलईडी भिंत. अशा उजेडात शटर फार जलद ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात, कारण आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आणि ट्यूबलाइटसारखे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. (नवीन काम शिकणाऱ्यांनी 1/100 किंवा 1/50 सेकंदाचं शटर लक्षात ठेवावं, आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर अशा ठिकाणी बंदच करावं.) मी 1/100 वर थांबले. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट बाजूला झाला, आणि त्या फोटोत नवरी अगदी स्थिर आलीय, मुंडावळ्यांचा एकेक मोती मोजता येतो. तिच्याभोवती अक्षता मात्र तांदळासारख्या दिसतच नाहीत, सगळ्या पिवळ्या रेघा झाल्यात. वर्षभरात काढलेल्यांपैकी हा फोटो मला सगळ्यात आवडतो. त्या घरचाही अल्बम अडकलेला आहे.

का अडकतात, याचा मी बराच विचार केला. एक कारण उघड आहे: आम्ही हजाराच्या आसपास फोटो देतो आणि त्यातून दीड-दोनशे निवडायला सांगतो. नोकरी करून घरी आलेल्या माणसाने हे कधी करायचं? दुसरं कारण दोन घरांचं. इकडचे किती, तिकडचे किती, हा प्रश्न नव्या नवरीने एकटीने सोडवावा असं आपण धरून चालतो. तिसरं मला विट्याच्या एका काकूंमुळे कळलं.

त्यांची मुलगी लग्नानंतर बेंगळुरूला गेली. लिंक तिच्याकडे, आणि तिला वेळ नाही. एका दुपारी काकू थेट स्टुडिओत आल्या. "पोरगी काय करत न्हाई, तू मला दाखव," म्हणाल्या. मी त्यांना मोठ्या स्क्रीनपुढे बसवलं आणि एकेक फोटो पुढे सरकवायला लागले. सूर्यास्ताचे, नवरा-नवरीचे, ज्यांवर आम्ही अख्खं पान खर्चतो, ते त्यांनी "बरं हाय, पुढं" म्हणत भराभर मागे टाकले. थांबल्या त्या मामाच्या फोटोवर. मामा मुलीला बोहल्याकडे आणतोय, नवरीचा अर्धा चेहरा त्याच्या खांद्याआड गेलाय, फेटा सैल होऊन शेमला पुढे लोंबतोय आणि मुलीचा कोपर त्याने दोन्ही हातांनी धरलाय. आम्ही तो फोटो मागच्या रांगेत टाकला होता. "ह्यो मोठा कर. हिच्या कॉलेजचं सगळं ह्यानंच केलं." मग पुढे मावशीचा एक, "न्हाईतर वर्षभर बोलंल ती," चुलत जावेचा एक, झालीच्या (मुलगी सासरी सोपवायच्या) वेळचा सासरच्या थोरल्या बाईंचा एक. दिवेलागणीपर्यंत निवड झाली. तो अल्बम श्रावणात घरी गेला.

प्रत्येक घरात अशा एक काकू असणारच. पण ऑर्डर ठरते मुलामुलीशी, ग्रुप त्यांच्याशी, लिंक त्यांनाच. काकूंपर्यंत रीतसर पोचायचं कसं, की मुलगी-जावयाला ते ढवळाढवळ वाटू नये?

घाईने विचारण्याचं कारण म्हणजे येणारं पंचांग. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त आहे आणि पुढे 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ. या दिवसांत एरवी लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. काढीव मुहूर्तावर करणारे करतीलच, पण बहुतेक लग्नं उरलेल्या महिन्यांत दाटीने येणार. म्हणजे आधीचे अल्बम तसेच राहून त्यांवर नवे चढणार. शिवाय जागेचा प्रश्न आहे. 4के व्हिडिओ साध्या 100 एमबीपीएसने (सेकंदाला 100 मेगाबिट) घेतला तरी तासाला 45 जीबी होतो, कॅमेरे दोन, त्यात रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या फाइली) वेगळे. अल्बम होईपर्यंत काही पुसता येत नाही, आणि प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवते म्हणजे खर्च दुप्पट.

तर या व्यवसायातल्या लोकांनी आणि ज्यांची लग्नं अलीकडे झाली त्यांनीही सांगा: निवडीला मुदत घालता का, आणि ती उलटली तर काय करता? अल्बमचे पैसे वेगळे काढले तर गिऱ्हाईक दुखावतं का? मूळ फाइली किती दिवस सांभाळता? आणि जे आधीच अडकलेत त्यांना काय लिहून पाठवू, की तगादा वाटणार नाही?

निगेटिव्हवाले काका, सांगली

ताई, रोलच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता, कारण निवडायला कुणाला सांगतच नव्हतो. एका रोलवर 36 फोटो, लग्नाला मोजके रोल. धुऊन आले की आम्हीच लावायचो आणि अल्बम घरी द्यायचो. तुम्हीही पहिली निवड तुमच्याकडे घ्या. फक्त एक करा, लग्नाच्या आधी, देवक बसवायच्या दिवशी, दोन्ही घरांतल्या एकेका जाणत्या बाईकडून नावं लिहून घ्या: कोण सुटता कामा नये. मी शाळेच्या वहीच्या पानावर घ्यायचो. त्याने फोटो काढतानाही उपयोग होतो, आणि तुमच्या काकूंपर्यंत जायची वाटही तीच. लग्नाआधी विचारलं तर कुणाला ढवळाढवळ वाटत नाही.

पुण्याची सून

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली, अल्बम अजून नाही. आळस नाही हो. पहिल्यांदा बसले तेव्हा तीनशेपर्यंत पोचले आणि सासूबाईंना विचारावं म्हणून थांबले. त्यांना फोनवर नीट दिसेना. मग बाळंतपण आलं. नंतर फोटोग्राफरला फोन करायचीच लाज वाटायला लागली, इतका उशीर झाला म्हणून. त्याने आता स्वतः 150 फोटो लावून "यातले नको ते काढा, राहिलेलं सांगा" एवढं पाठवलं ना, तर मी आज रात्री उत्तर देईन. आणि तगादा वाटेल का म्हणून घाबरू नका. फोन आला तर मला बरंच वाटेल.

नाशिकचा कॅमेरा

काकांशी अर्धा सहमत. निवड आपण करावी, पण मंजुरीशिवाय छापू नये. कोणत्या घरात कुणाशी बोलणं बंद झालंय हे आपल्याला माहीत नसतं. एकदा छापलेली शीट बदलायची म्हणजे लॅबचा खर्च आपल्या अंगावर. मी डिझाइनची पानं पीडीएफ करून पाठवतो आणि "छापा" असा लेखी मेसेज आल्यावरच लॅबला सोडतो. बदल एकदा फुकट, पुढच्या खेपेला पैसे. मुदत 60 दिवस ठेवलीय, त्यानंतर अल्बम त्या वेळच्या दराने. हे ऑर्डरच्या कागदावर मराठीत आणि ठळक.

कोर्टाच्या पायरीवरून

वकील आहे म्हणून दोन गोष्टी. कॉपीराइट ॲक्ट 1957 च्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन कुणी आपल्यासाठी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक असतो, फोटोग्राफर नाही. बऱ्याच व्यावसायिकांना हे उलटं वाटतं. त्यामुळे इन्स्टावर टाकायची परवानगी, रॉ फाइल देणार की नाही आणि फाइली किती काळ सांभाळणार, हे तिन्ही कागदावर घ्या. दुसरं, केलेल्या कामाचे पैसे मागायला काम झाल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. पण अल्बम दिलाच नसेल तर त्या भागाचे पैसे मागताना समोरचा "काम अपुरं आहे" म्हणू शकतो. म्हणून लग्नाच्या दिवसाचं काम आणि अल्बम यांचं बिल वेगळं करा, पहिलं फोटो सुपूर्द केल्यावर पूर्ण वसूल करा. गिऱ्हाईक दुखावत नाही, दर आधी सांगितला तर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या ताई, तुमचं वाचून त्या सगळ्या "रविवारी बसतो" फोनांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. लाजेमुळे फोन येत नसेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या ऑर्डरीपासून ठरवलंय ते असं. देवकाच्या दिवशी दोन्ही घरांतून नावांची यादी घ्यायची, पहिली निवड आमची, पानं पाठवून लेखी "छापा" आल्यावरच लॅब. बिलं दोन. रॉ फाइली अल्बम दिल्यानंतर सहा महिने ठेवेन आणि पुसण्याआधी पंधरा दिवस कळवेन. तयार केलेले फोटो मात्र मी पुसणार नाही, त्यांना जागाही तशी कमी लागते. नाशिककर, मुदत उलटल्यावर नवा दर लावायला माझं मन होत नाही. सध्या नुसती मुदत घालून बघते.

जुन्या घरांना पाठवायचा मेसेज लिहिलाय:

"नमस्कार. तुमच्या लग्नाच्या अल्बमसाठी फोटो निवडायचं काम मोठं आहे, त्यामुळे पहिली निवड आम्हीच करून पानं लावली आहेत. सोबत पाठवत आहोत. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना दाखवा. नको तो फोटो कळवा, कुणाचा राहिला असेल तर नाव सांगा, आम्ही शोधून घालू. मोठ्या स्क्रीनवर बघायचं असेल तर आई, सासूबाई कुणीही स्टुडिओत या, फक्त आदल्या दिवशी फोन करा. उशीर झाला म्हणून संकोच करू नका. तुळशीच्या लग्नाआधी कळवलंत तर मार्गशीर्षात अल्बम घरी येईल. उरलेली रक्कम तेव्हाच द्या."

पावसातल्या त्या लग्नाची पानं काल रात्री लावून झाली, पहिला मेसेज त्यांनाच जाईल. यात काही खटकत असेल, कुठे सूर चढा वाटत असेल तर उद्यापर्यंत सांगा. आणि एक राहिलंच: सासर-माहेरचे फोटो पानांवर साधारण कसे विभागता? आधी माहेरचे सगळे आणि मग सासरचे, की विधींच्या क्रमाने मिसळून? दोन घरं अशी आहेत जिथे यावरूनच बोलणं थांबलंय.